अक्काच्या दह्याची बाटली

आमच्या मेहुण्यांइतका जिवाणूंवर जीव लावणारा आणि माणसांना हबकवून सोडणारा गृहस्थ जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. जळगावच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवांच्या लॅबमध्ये त्यांनी जन्मभर बाटल्या सांभाळल्या आणि निवृत्त झाल्यावर लॅबच घरी आणली. पारोळ्याच्या एका लग्नात वाढप्यानं मठ्ठ्याची बादली पुढे करताच यांनी खिशातून उकळून आणलेली बाटली काढली, भरली आणि वर चिठ्ठी डकवली: ‘मठ्ठा, वधूपक्ष’. वधूपित्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी तर एकदा उन्हातून येऊन त्यांच्या फ्रिजमधली एक बाटली ताक समजून घटाघटा प्यायलो आणि मग चिठ्ठी वाचली: ‘गोठ्यातलं पाणी, असोदा’. माझी दातखीळच बसली. भाऊजी धावत आले, पण नमुन्यासाठी. “अरे, आता पुन्हा असोद्याला जावं लागेल ना!”

बाटलीचं झाकण कुणी उघडलं की मात्र त्यांचा जमदग्नी व्हायचा. “दह्यातले जिवाणू साधे संसारी रे! दार उघडं दिसलं की हवेतले, धुळीतले उपटसुंभ आत शिरतात!” माझी बहीण, आमची अक्का, हे ऐकत गुपचूप दुधाला विरजण लावत राहायची. ती अचानक गेली तेव्हा फ्रिजमध्ये तिच्या हातचं वाटीभर दही उरलं होतं. भाऊजींनी ते, जिवाणू गोठून मरू नयेत म्हणून ग्लिसरीन घालून, बाटलीत भरलं आणि फ्रीझरमध्ये जपलं. तिच्या वर्षश्राद्धाच्या पानात तिच्याच विरजणाचं दही वाढायचं, एवढा एकच ध्यास. वर्षभर दुसरं दही त्यांनी घरात येऊ दिलं नाही.

श्राद्ध आठवड्यावर आलं तसे ते बाटली घेऊन जुन्या लॅबमध्ये गेले. तीन दिवसांनी निकाल ऐकायला मीही सोबत होतो. तिथल्या मॅडम चाचरत म्हणाल्या, “काका, दह्यातला एकही जिवाणू वाढला नाही. नुसते मातीतले, पाण्यातले जिवाणू आहेत. बाटली वरचेवर उघडली गेलीय.”

मी चमकून भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या फ्रीझरला हात लावायची छाती होती कुणाची?

“मीच,” ते खाली बघत म्हणाले. “दर रविवारी. वास घ्यायला.”

मी हादरलोच. अक्का गेली त्या दिवशीसुद्धा या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आज मात्र तिथल्या स्टुलावर बसून ते रडले आणि मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी ही हकिगत कळताच शेजारच्या काकू, मूळच्या सोनगीरच्या, झाकलेली वाटी घेऊन आल्या. “भाऊ, वहिनीनी मले विरजन दिन्हं व्हतं. मी ते कधी तुटू दिन्हं नई. आते बठ्ठी गल्ली तेच दही खास.”

भाऊजींनी वाटी दोन्ही हातांत घेतली. “सगळी गल्ली हेच खाते? म्हणजे जिवंत आहे?”

“शे ना, भाऊ!”

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः दूध तापवलं, कोमट केलं. मग चमचा हातात धरून पातेल्यासमोर नुसतेच उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, “किती विरजण घालायची रे ती?”

मलाही माहीत नव्हतं.