राखाडी गोधडी आणि आईचे टाके

गणिताचे सर गोधड्या शिवतात ही बातमी आमच्या गल्लीत फोडली ती मीच. दुसऱ्या कुणी फोडली असती तर तिच्यात थोडी दया मिसळली गेली असती. मी फोडली म्हणून नुसता तमाशा झाला, आणि तमाशा मला आवडतो.

झालं असं, की मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली आणि बायकोचं शिलाई मशीन झाकणाखाली गप्प बसलं. एका रविवारी मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा बाई कापडाचे तुकडे जोडताना दिसल्या. मोजपट्टी, काटकोन, पंचेचाळीस अंशाचे त्रिकोण! मी ताडकन उठून बसलो. तीस वर्षं हेच मी फळ्यावर काढत आलो होतो आणि तास संपला की कुणीतरी डस्टरने पुसून टाकत होतं. इथं तर भूमिती पांघरता येत होती.

पहिल्या गोधडीत माझे त्रिकोण एकमेकांना भेटेनात. शिवणीत जाणारं पाव इंच कापड मी धरलंच नव्हतं. बायको चहा घेऊन आली, दोन मिनिटं निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तिरकोन आहे का कापलेली नखं?" पण मी हटलो नाही. आलेखाच्या कागदावर आधी रंगीत पेन्सिलीने नकाशा काढायचा, मग कापड धुऊन इस्त्री करायची, मग गोल पात्याच्या कटरने एका रेषेत कापायचं, हे मला जमत गेलं. दोन वर्षांत सात गोधड्या झाल्या. पाहुणे आले की मी त्या पलंगावर एकेक करून अंथरतो, पडदा उघडावा तशा.

या सगळ्यावर एकच समीक्षक अजून खूश व्हायचा होता. माझी आई. वय त्र्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यातला डावा डोळा फक्त उजेड आणि अंधार एवढंच सांगणारा, उजव्यालाही सगळं धुक्यातलं. गुडघ्यांनी तर कधीच राजीनामा दिलेला. वारासिवनीकडच्या आमच्या गावात तिच्या हातची कथरी नाही असं नात्यातलं एक घर सापडायचं नाही. ती गोधडीला कथरीच म्हणते. माझ्या गोधड्यांना मात्र ती "बाबूचे नकाशे" म्हणते. बाबू म्हणजे मी, वय वर्षं चौपन्न.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार हे आम्ही इतकं धरून चाललो होतो, की बायकोने डिंक निवडायला घेतला होता. पण मुलीने फोनवर सांगितलं की डॉक्टर तिथली, दवाखाना घराशेजारी, ती इकडे आमच्याकडे बालाघाटला येणार नाही. तिच्या आईनेच तिकडे यावं. बायको तयार झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी आई मला हाक मारून म्हणाली, "तिले इथं येणं नाही, मले तिथं जाणं जमत नाही. मंग माह्या हातची कथरी तरी गेली पाहिजे. लेकरू माह्या कथरीवर निजलं पाहिजे. बाकी मले काही नको."

एवढंच तिचं मागणं. आणि नेमकं त्याच दुपारी मुलीने मला एक फोटो पाठवला. राखाडी रंगाची गोधडी, त्यात पांढरे चौकोन, एका बाजूने मोहरीसारख्या पिवळ्या रंगाची एकच पट्टी आणि मधे भली मोठी मोकळी जागा. खाली निरोप होता: "बाबा, बेबी के लिए बिलकुल वैसी वाली. मॉडर्न. फूल-बूल नको, प्लीज."

एक गोधडी आणि दोन मालकिणी. मी म्हटलं, वरचं जोडकाम माझं, हाताचे टाके आईचे, दोघींचं होईल. नकाशा काढला आणि आईला एकेक रंग समजावून सांगितला.

"राखाडी?" आई म्हणाली. "लेकराले राख फासून बसवता का रे? बैरागी आहे का ते?"

"आजकाल असंच आवडते, आई."

"अन् मधी एवढी जागा रिकामी काहून?"

"ते डिझाइन आहे. नजरेले आराम भेटते."

"तुह्या पोरीले कपडा कमी पडला असन," आई म्हणाली आणि विषय संपवला.

राखाडी सुती कापड मी वारासिवनीच्या बाजारातून आणलं. आईने ते बोटांत धरून चोळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आमच्याकडे नवं कापड तान्ह्या जिवाच्या अंगाला लावत नाहीत. आधी मोठ्या माणसाने ते वापरून जुनं करायचं, मग लेकराला. पांढऱ्यासाठी वडिलांची धोतरं होती, आत घालायला आईचं मऊ झालेलं लुगडं होतं. पण राखाडी जुनं कापड आणायचं कुठून? आमच्या घराण्यात तो रंग आजवर कुणी विकतच घेतला नव्हता.

"तू नेस," आई म्हणाली. "पंधरा दिवस नेस, रोज धू. आपोआप जुनं होते."

मे महिन्याची सुट्टी होती. डोळ्यांसमोर आणा: हे चौपन्न वर्षांचे, पोट सुटलेले गणिताचे सर, पावणेतीन मीटर राखाडी कापड कमरेला गुंडाळून सकाळी दूध आणायला निघाले आहेत. भरवेलीच्या खाणीत काम करणारे आमचे शेजारी मोटारसायकल थांबवून विचारते झाले, "सर, संन्यास ले रहे हो क्या?"

मी म्हणालो, "नहीं भैया, नाना बन रहा हूँ."

त्यांनी हात जोडले. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

पंधरा दिवसांनी कापड खरंच लोण्यासारखं मऊ झालं. मी जोडकाम पूर्ण केलं, तीन थर एकावर एक पसरून कच्चे टाके घातले आणि वर खडूने रेघा मारल्या. सरळ, समांतर, एकेक इंचाच्या अंतरावर, मोहरी पट्टीला अगदी काटकोनात. त्या रेघांवर मला इतकं प्रेम होतं की मी त्यांचे फोटो काढून ठेवले. मग आईच्या पलंगावर गोधडी अंथरली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने मी. तिने पहिला धावदोरा घातला तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला, की मी सुई हातात धरून तसाच बघत राहिलो.

आणि मग मी तिचे टाके पाहिले.

ते खडूच्या रेघेला एका जागी ओलांडून गेले होते, पुढे परत आले होते, पुन्हा पलीकडे. तिला खडू दिसतच नव्हता. शिवाय तिची पद्धत निराळी. ती काठापासून सुरुवात करते, कोपऱ्यावर वळते आणि काठाकाठाने फेर घेत आत आत येते. माझ्या उभ्या रेघांना तिचा दोरा आडवा कापत निघाला होता. मी म्हणालो, "वा, आई!" आणि मनातल्या मनात तिचे वाकडे टाके मोजायला लागलो.

पुढचं सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगतो. आई दुपारी दोन ते चार झोपते. दोन वाजून पाच मिनिटांनी मी पेन्सिलीला टोक काढायचं ब्लेड घेतलं, गोधडी हळूच बैठकीच्या खोलीत नेली, आईचे सकाळचे सगळे टाके उसवले आणि खडूच्या रेघेवरून सरळ घालून ठेवले. चारच्या आत गोधडी पुन्हा जागेवर. चोर इतकी वेळ पाळत नसतील. मनाची समजूत अशी, की आईला दिसत तर नाहीच, तिला शिवल्याचा आनंद, मुलीला सरळ रेघांचा आनंद. सोपं समीकरण! सहा दिवस मी ते सोडवत होतो.

सातव्या दिवशी सकाळी आईने सुई ओवून घेतली, कालचा दोरा कुठे संपला ते शोधायला गोधडीवर हात फिरवला, आणि हात थांबला.

"ही गाठ कोणाची?"

"कोणती गाठ?" मी म्हणालो. आवाज नको तेवढा गोड निघाला.

"माह्या दोऱ्याले गाठ नसते. दोरा परतून घेते मी, दोन टाके मागं. गाठ लेकराच्या पाठीले टोचते." तिची बोटं सरकत होती. "इथं गाठ. इथं गाठ. इथं बी."

"सुनेनं घातले असन एखाददोन टाके," मी म्हणालो. नीचपणाला तरी काही सीमा असावी, पण त्या दिवशी नव्हती.

स्वयंपाकघरातून बायको गरजली, "माह्यावर नका ढकलू! ब्लेड कुठं लपवता ते सांगू का आईले?"

आता आई मला बोलणार, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. मला ते हवंच होतं. पण तिने सुई काढून रिळात खोचली, आपल्या बाजूची गोधडी घडी करून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तूच शिव, बाबू. तुले चांगलं जमते."

चौपन्न वर्षांत तिने केलेली माझी पहिली स्तुती. मला घाम फुटला.

तीन दिवस तिने गोधडीला हात लावला नाही. डोळे दुखतात म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, तिने विचारलं, "आजी, आपकी रजाई कहाँ तक पहुँची?" आणि आई सहज म्हणाली, "माही नाही व माय. तुह्या बापानं शिवली ते." तिच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

बायकोने मला बाहेर व्हरांड्यात ओढलं. "मी जाऊन राह्यली पंधरा दिवसांनी," ती म्हणाली. "तिथं पोरीनं विचारलं, आजीचे टाके कुठं आहे, तर काय सांगू? बाबानं उसवले म्हणून?"

मी आत गेलो. आईच्या पलंगावर गोधडी पसरली आणि माझी पहिली सरळ रेघ उसवायला घेतली. ब्लेडने टाका कापायचा, दोरा ओढायचा. टर्र. टर्र. आईची पाठ माझ्याकडे होती.

"काय करून राह्यला?"

"उसवून राह्यलो."

"काहून?"

"गाठी आहे. टोचन लेकराले."

मी दुसरी रेघ उसवली, तिसरी उसवली. त्या रेघांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते आणि माझ्या जिवाला काय होत होतं ते मलाच ठाऊक. पाचव्या रेघेला ती वळली.

"हळू ओढ. कपड्याले भोकं पाडशीन." मग थोड्या वेळाने, "सगळंच उसवतो का?"

"सगळंच. पहिल्यापासून घाल तू. मी चुकलो, आई."

"चुकला नाही, चोरी केली," ती म्हणाली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आई बोलायला लागली होती! "मले दिसत नाही म्हणून तुले वाटलं, कळत बी नाही. सुई ओव. अन् तो खडू पुसून टाक, हाताले कचकच लागते."

मी सुई ओवली, खडू झटकला. आईने काठ चाचपला, कोपरा चाचपला, आणि मग तिचं बोट मोहरी पट्टीच्या शिवणीवर आलं. मशीनने घातलेली, सरळ, कापडाखाली दोरीसारखी लागणारी शिवण. तिने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. "हे बरं केलं," ती पुटपुटली. त्या शिवणीला बोट लावून ती टाके घालू लागली. शिवण संपली की वळायची, आधीच्या ओळीला बोट लावायची आणि पुन्हा निघायची. पट्टीभोवती एकात एक फेर उमटत गेले. सरळ म्हणता येणार नाही, पण एका चालीत चालणारे. मधल्या रिकाम्या जागेत ते ऐसपैस पसरले. आलेखाच्या कागदावर मला ते सुचलं नसतं.

"तू बी ये," ती म्हणाली. "माह्या ओळीले बोट लाव अन् शिव."

मी शिवलं. चार टाके, पाच, सहा. आईने मागून हात फिरवला.

"हे कोणाचे? एवढे लांब? उसव."

उसवले. पुन्हा घातले.

"हे बारीक आहे, पण गेले कुठं? ओळ सोडून वारासिवनीले निघाले काय? उसव."

भिंतीला टेकून बायको हसत होती, पदर तोंडात धरून. माझे टाके चौथ्या खेपेला पास झाले. त्यानंतर रोज सकाळी दोन तास आम्ही शिवत बसलो. आई शिकवायची आणि मी चुकायचो, तिला दोन्हींची सारखीच मजा यायची. गाठ मात्र मी पुन्हा मारली नाही.

जूनमध्ये बायको गोंदियाहून हैदराबादच्या गाडीत बसली. गोधडी सामानात टाकायची नाही, मांडीवर घ्यायची, असं आईने तिला तीनदा बजावलं होतं. मुलीला मुलगी झाली. सहाव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मुलीने फोन गोधडीवर धरला, त्यावर आमची नात मुठी आवळून झोपली होती.

"दिखी क्या, आजी? तुमची रजाई! सब पूछ रहे हैं, किसने बनाई."

आईने फोन डोळ्याशी नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. तिला त्यात एक राखाडी धब्बा दिसला असेल, फार तर दोन.

"ते पाहणं राहू दे," ती म्हणाली. "मुतली का त्याच्यावर?"

"आजी!" मुलगी हसत सुटली. "हौ. तीन बार. आज सुबह से."

आई उशीला टेकली. "मंग आता झाली कथरी," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.