चाळीसच्या आत

गेल्या शनिवारी मलकापूरचे मिस्त्री सांगलीच्या दवाखान्यात उशिरा पोचले. लेकीला बाळंतपणाच्या ऑपरेशनला नेण्याआधी त्यांना तिला भेटायचं होतं. फोन आला तेव्हा त्यांच्या गॅरेजात चालू गाडी माझी मोटरसायकलच होती, आणि तिचा पिस्टन त्यांनी आदल्याच दिवशी बदलला होता. नवा पिस्टन घासून नीट बसेपर्यंत गाडी ते चाळीसच्या पुढे नेत नाहीत.

मी मागे बसलो. रिकामी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरही आम्हाला मागे टाकून गेला.

“पिळा की, मिस्त्री. इंजिन गेलं तर गेलं.”

“आवं, वाटंत जाम झालं तर पोचायचंच न्हाई.”

इंजिन जाम झालं नाही. आम्ही पोचलो तेव्हा नात पाळण्यात होती. शुद्धीवर आल्यावर लेक म्हणाली, “आबा, तुमच्या आदी तुमची नात पोचली.”

मिस्त्रींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.