नव्या फोनमध्ये रेडिओ नव्हता

फोन मी हौसेने घेतला. सांगताना मात्र सगळ्यांना सांगितलं, कामासाठी घेतला.

ते अगदीच खोटं नव्हतं. मी घरी ब्लाउज शिवते, त्यावर आरीच्या सुईने जरीचं भरतकाम करते. लग्न होऊन मुंबईला गेलेल्या गावच्या मुली फोटो बघून माझ्याकडून शिवून घेतात. जुन्या फोनमध्ये मोरपिशी रंग सरळ निळा दिसायचा. त्यावरून एकीने ब्लाउज परतही पाठवला होता. पण तेवढ्यासाठी मी फोन घेतला नसता. राजापूरला एका लग्नात मावसबहिणींनी फोटो काढायला आपापले फोन बाहेर काढले आणि मी माझा पर्समध्येच ठेवला. त्याच्या काचेला तडा गेला होता. घरी परतताना गाडीतच मनाशी ठरवून टाकलं.

रत्नागिरीत ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवरच्या झेंडूच्या हाराचा फोटो काढून दाखवला. पाकळी न् पाकळी वेगळी दिसत होती. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देता का, असं त्याने विचारलं. "घ्या, घरी ठेवून काय करायचाय?" मी म्हटलं. "याला इअरफोनची पिन बसत नाही हं ताई," असंही तो म्हणाला होता. मी ऐकलं, पण माझे डोळे त्या झेंडूवर होते.

आमचं घर खाडीच्या पलीकडे, भाट्याला. घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा तांडेल होते. होडी कधी काढायची, जाळं कुठे टाकायचं आणि कधी माघारी फिरायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. पुढे गुडघे गेले, डोळे अधू झाले आणि त्यांचं दर्यावर जाणं संपलं. पण संध्याकाळी रेडिओवर मच्छीमारांसाठी हवामान सांगतात, ते ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांचा ट्रान्झिस्टर खाऱ्या हवेने गंजून बंद पडला, तेव्हापासून ते माझ्या फोनवर ऐकायचे. इअरफोनची वायर फोनला जोडून खिडकीच्या गजाला अडकवली की रेडिओ स्वच्छ लागायचा. तेवढा वेळ मी मशीन थांबवायची आणि त्यांच्याजवळ बसून हुक लावायची. "उद्या कोण लांब जायचा नाय," असं बाबा म्हणत, जणू बंदरावर खलाशी त्यांच्या निरोपाची वाट बघत उभे आहेत.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात गेल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. नवा फोन आणला त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. मी फोनमध्ये रेडिओ शोधू लागले. सगळं उलथंपालथं केलं. रेडिओ नव्हताच.

"काय गो, लागत नाय?"

"स्टेशन बंद आहे बाबा. काहीतरी दुरुस्ती चाललीय बहुतेक."

हे माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. बाबा "बरं" म्हणाले आणि पुढे केलेला हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रेडिओचं अ‍ॅप घेतलं. आमचं घर डोंगराच्या कुशीत, तिथे नेट जेमतेम. एक वाक्य ऐकू आलं की पडद्यावर ते चाक गोल गोल फिरत राही. वाऱ्याचा वेग सांगायची वेळ आली आणि नेमका आवाज तुटला. "राहू दे बाय," बाबा म्हणाले, "चालू झाला की ऐकू." म्हणजे माझी थाप त्यांनी धरून ठेवली होती. मग मलाही ती रोज ओढत न्यावी लागली.

त्या दिवसांत मी एक वेड्यासारखी गोष्ट करत होते. फोन घेऊन झाल्यावर बाकीच्या फोनांची माहिती वाचत बसायची. एकात रेडिओ होता, पिनही होती, आणि कॅमेरा माझ्या कामाला पुरला असता. किंमतही कमी. मग मी स्वतःची समजूत घालायची, की जरीची तार न् तार दिसते ती याच फोनमध्ये, चार्जिंगही दिवसभर पुरतं. थोड्या वेळाने वाटायचं, मुंबईच्या कुठल्या बाईने जरीची तार मोजायला मागितली होती?

मग एकदा शेजारच्या काकी माप द्यायला आल्या. मी त्यांच्या दंडाला टेप लावत होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या बाबांचं काय बिनसलंय काय गो?"

"का हो?"

"परवा रेडिओ ऐकायला आले, तेव्हा आमच्या ह्यांना सांगून गेले, संध्याकाळचा रेडिओ जरा बारीक लावत जा. पोरीच्या कानावर गेला तर तिला वाईट वाटेल म्हणाले. आम्हाला काय कळलं नाय बा."

माप चुकलं, पुन्हा घ्यावं लागलं.

सकाळ होताच दुकान गाठलं. जुना फोन केव्हाच बाकीच्या जुन्या फोनांबरोबर मुंबईला गेला होता. तडा गेलेला फोन परत मागायला आलेली बाई दुकानदाराने पहिल्यांदाच पाहिली असावी. मग बाजारात हिंडून एक लहान रेडिओ घेतला. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, बटण फिरवून पाहिलं. "चांगला हाय," म्हणाले आणि कोनाड्यात ठेवला. संध्याकाळ झाली तशी काठी घेऊन उठले.

"कुठे निघालात? आता घरात रेडिओ आहे की."

"तुझ्या काकीकडं. तिचा नवरा नि मी मिळून ऐकतो. त्याला वाऱ्यातलं काय कळत नाय, भांडायला बरा पडतो."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "बाबा, तुम्हाला कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? एवढ्या हौसेनं आणलास. आणलास त्या दिवशी सारखी पदरानं पुसत होतीस."

"खोटं बोलले मी तुमच्याशी."

"व्हय. वादळातसुद्धा बोलत राहिलेलं ते स्टेशन. बंद पडेल होय? पण तू सांगितलंस, तर म्हटलं, असेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडून मोकळी झाले असते.

फोन अजून माझ्याकडेच आहे. रंग खरे दिसतात, असं मुंबईच्या बायका सांगतात. कोनाड्यातला रेडिओ चालतो की नाही ते बघायला मी तो दुपारी कधीतरी लावते. पण संध्याकाळी बाबा काकींच्या पडवीत असतात. माझ्याजवळ बसून हवामान ऐकायची त्यांची सवय मोडली ती मोडलीच, आणि ती मीच मोडली.

त्या संध्याकाळी ते दारापर्यंत गेले तेव्हा मला माफी मागायची होती. शब्द ओठांवर आले होते. पण तोंडून निघालं ते एवढंच, "पायरीवर शेवाळ आहे, सांभाळून."

"ठाव हाय," म्हणत ते काठी टेकत उतरून गेले.