बुटांची ओवी

त्या नागपंचमीला मी भरल्या रिंगणात शिरून शेजारणीचा हात हिसडला. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमचं गाव पाटणच्या वाटेवर. थोरल्या जाऊबाईंचा एकुलता लेक लढाईवर गेलेला. शेवटच्या रजेला आला तेव्हा नुकत्याच सारवलेल्या अंगणातून पलटणीचे बूट घालून चालला, म्हणून त्या त्याच्यावर खेकसल्या होत्या. वर्षाच्या आत तो गेल्याची तार आली. चारचौघांत त्या रडल्या नाहीत. पहाटे जात्यावर मात्र स्वतः रचलेली एकच ओवी म्हणायच्या:

सारवल्यालं अंगन, बुटानं उकर लेका,
पुन्यांदा सारवीन, येकडाव येशील का.

जात्याच्या खुंट्याला दुसरा हात माझा, म्हणून ती मला पाठ. चाल इतकी गोड की ओढ्यावर धुणं धुताना मीही गुणगुणायची. शेजारीण म्हणाली, मलाबी शिकव की. मी शिकवली. ओवी कुणासाठी, हे तिला सांगायची गरज नव्हती, तार साऱ्या गावाला ठाऊक होती.

पंचमीला दळायचं नसतं. घरात जातं गप, आणि देवळापुढं बायकांच्या झिम्म्यात तीच ओवी, दुप्पट वेगानं. ‘बुटानं’ आलं की सगळ्या मिळून पाय आपटायच्या आणि खिदळायच्या. मी रिंगणात घुसून शेजारणीचा हात हिसडला. एक आई रोज पहाटे लेकाची माफी मागते, आणि ह्यांना त्यावर नाचायला सुचतं. मी शेजारणीला नाही नाही ते बोलले. तीही ऐकून घेणारी नव्हती.

"चाल ग्वाड हाय म्हून तूच न्हाई का आनलीस भाईर?"

मी आणखीच आवाज चढवला. तेवढ्यात रिंगण एकाएकी थांबलं. मागं जाऊबाई उभ्या होत्या.

"थांबलासा का?" त्या म्हणाल्या. "म्हना की. पर पाय जड टाका. त्येचं बूट लय जड हुतं."

एकीचाही पाय उचलेना. जाऊबाईंनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच अनवाणी पाय आपटला, एकदा, दोनदा, आणि घराकडं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दळायला बसलो. त्या मुकाट्यानं दळत राहिल्या. मी ओवीची सुरुवात करून दिली, तर त्यांनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. शेजारणीवरचा राग माझा पुढं ओसरला. पण ती ओवी घराबाहेर नेली मी, आणि ती परत जात्यावर कधी आली नाही.