कब्रस्तानाची सैर आणि नऊ उसन्या साड्या

लोक इंदूरला खायला जातात. मी पहिल्यांदा एकटी गेले ती कबरी बघायला. आता कुणी विचारलं की सांगते, पोहे-जिलेबी कुठे पळून जात नाही, एक सकाळ इंदूरजवळच्या महूतल्या गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानासाठी ठेवा. समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी जळगावला शाळेत शिकवत होते. नाताळच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरचं ठरत होतं, तेवढ्यात इंदूरहून मामीचं आंतरदेशीय पत्र आलं. माझा वसंतमामा तिथल्या एका कापड गिरणीत जॉबर होता, म्हणजे मागांवर आणि ते चालवणाऱ्यांवर देखरेख करणारा. गिरणी बंद पडून दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात मामा खिडकीजवळच्या खुर्चीतून फारसा उठला नव्हता. आता त्याने आणि गिरणीतल्या एका दोस्ताने मिळून नवीन टूम काढली होती: लोकांना राजांच्या समाध्यांवरच्या जुन्या छत्र्या आणि कब्रस्तानं पायी फिरवून दाखवायची. पहिली सैर येत्या रविवारी. मामीने लिहिलं होतं, "तू ये. हा बेत फसला तर हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि मग मला काही उठवता यायचे नाहीत." महाबळेश्वर तिथेच राहणार होतं. मी बॅग भरली.

तेव्हा जळगावहून खंडवा गाठायचं आणि तिथून मीटर गेजची लहान गाडी पकडायची. ती घाट इतक्या सावकाश चढायची की उतरून दोन पावलं चालावं आणि परत बसावं. कालाकुंड स्टेशनवर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा. मी तीन द्रोण घेतले, दोन घरच्यांसाठी. पुढचं पातालपाणी स्टेशन येईपर्यंत घरच्यांसाठी एकही उरला नव्हता. आता ही गाडी खंडव्यापासून धावत नाही. घाटातल्या छोट्या तुकड्यावर हौशी प्रवाशांसाठी गाडी असते म्हणतात, तिची आधी चौकशी करा. बाकीच्यांनी रस्त्याने यावं, आणि घाटाआधी भरपेट जेवू नये, हा अनुभवाचा सल्ला.

मामाचं घर राजेंद्र नगरात. मामा खुर्चीतच होता, पण हातात वही होती. कुठला राजा केव्हा जन्मला, केव्हा वारला, सगळं शाईने लिहून पाठ करत होता. शुक्रवारी सकाळी मला नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्यांवर नेलं आणि रंगीत तालीम सुरू केली. छत्र्या सुरेखच आहेत. कोवळ्या उन्हात जा, दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. पण मामा वहीतून वाचायला लागला आणि मला शाळेतली हजेरी आठवली. अर्ध्या तासात मी चार जांभया दिल्या. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. मामा चिडला नाही. चेहरा उतरला, वही मिटून तो घरच्या वाटेला लागला. मामीने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, तेल तर गेलंच आणि तूपही गेलं.

शनिवारी आम्ही बसने महूला गेलो, मामाच्या दोस्ताला, कांबळेकाकांना भेटायला. कांबळेकाकांचे आजोबा पलटणीत होते, वडील या कब्रस्तानात माळी. काका स्वतः रोज पहाटेच्या गाडीने इंदूरला येऊन गिरणीत काम करायचे. गिरणी बंद पडल्यावर महूतच एका दुकानात लागले होते. त्यांना इथली प्रत्येक कबर शेजाऱ्यासारखी माहीत. ही बाई बावीस वर्षांची, ताप आला आणि गेली. तिच्या शेजारी तिचं नऊ दिवसांचं लेकरू. हा बँडवाला, ह्याची बायको नंतर दर वर्षी फुलं पाठवायची म्हणे. काका हे सगळं हळू आवाजात सांगत, वाटेतली वाळकी पानं पायाने बाजूला सारत पुढे चालले होते.

मामा मात्र मागे राहिला होता. एका उंच कबरीवर दगडी कलश होता आणि त्यावर अर्धवट ओढलेलं दगडी वस्त्र. गोऱ्यांच्या जुन्या कबरींवर असं पुष्कळ दिसतं. मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. मामा त्याच्या चुण्यांवरून अंगठा फिरवत होता.

"इकडे ये बेटा. हे बघ, किनार कशी वळली आहे. आणि ही घडी. पाणी मारलेलं सुती कापड असंच पडतं, रेशीम नाही पडत असं. क्या है ना, ज्याने हे घडवलं त्याने घरात कुणालातरी विणताना बघितलं असणार."

आणि मग तो थांबेचना. या कबरीवरची चादर जाडी, त्या कबरीवरची झिरझिरीत, इथे कारागिराने आळस केला, इथे जीव ओतला. दीड वर्षाचं मौन पंधरा मिनिटांत फेडलं. कांबळेकाका माझ्याकडे बघून नुसते हसत होते. मी हळूच ती वही माझ्या पिशवीत टाकली. मला इतका आनंद झाला होता की परतीच्या बसमध्ये मी उभ्याने सगळा प्रवास केला तरी पाय दुखले नाहीत.

रविवारी राजेंद्र नगरच्या मराठी मंडळातले अठरा जण, नऊ बायका नि नऊ पुरुष, आम्हा घरच्या तिघांसकट. माणशी दहा रुपये, त्यात भाड्याच्या मॅटाडोरने जाणं-येणं आणि सैरीनंतर नाश्ता. मामाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गाडीत बसण्याआधी त्याने सगळ्यांची नावं पुकारली, पाळी सुरू होण्याआधी गिरणीत पुकारायचा तशी.

सैर कशी झाली? अशी झाली की दीड तास कुणी घड्याळ पाहिलं नाही. कांबळेकाका माणसांबद्दल सांगायचे, मामा दगडातल्या कापडाबद्दल. प्रधानबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. त्या नऊ दिवसांच्या बाळाच्या कबरीशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग पदराने डोळे पुसून पुढे आल्या. एका गृहस्थांनी मामाला अडवायला म्हटलं की हे वस्त्र लोकरीचंही असू शकेल. मामाने त्यांच्याच खांद्यावरची शाल मागून घेतली, कलशाशेजारी धरली आणि दोन्हींच्या घड्या दाखवल्या. गृहस्थांना लगेच पटलं, मामी माझा दंड दाबत राहिली.

जाणाऱ्यांसाठी: पायात बूट-मोजे घाला, गवतात कुसळं फार. फाटकावरच्या माणसाला विचारून आत जा. छावणीचा भाग आहे, कॅमेरा जपून काढा.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली कांबळेकाकूंनी नाश्ता मांडला होता. पहाटे उठून वाफवलेले पोहे, वर शेव, जिरावन मसाला, बाजूला जिलेबी. काकूंनी पहिली प्लेट भरून पुढे केली. कुणी घेतली नाही. दुसरी भरली. तीही तशीच. मंडळातली माणसं हात मागे बांधून उभी. कुणी म्हणे भूक नाही, कुणी म्हणे घरी जाऊनच खाऊ.

एक वाईट शंका माझ्या मनाला चाटून गेली. ज्यांच्या घरचं होतं त्यांच्या मनात ती माझ्या आधीच आली असणार, कारण काकूंनी झारा पातेल्यात ठेवला आणि पदर नीट करून बाजूला उभ्या राहिल्या. कांबळेकाका जमिनीकडे बघत होते. मामाचा चेहरा तर शुक्रवारी छत्र्यांवर झाला होता त्याहून वाईट झाला. मला काहीतरी बोलायचं होतं. मी प्लेट उचलायला हात पुढे केला, आणि माझाही हात अर्ध्यावर थांबला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आम्ही मसणातून आलो होतो. आंघोळीशिवाय घास कसा उतरणार? माझी आई तर दारातल्या पायरीवरही चढू द्यायची नाही.

मामाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तीस वर्षं गिरणीत आधी काम, मग सुट्टी, मग डबा. तोच क्रम त्याने इथे लावला. मामीने माझ्या कानात सांगितलं की तिला कालच हे सुचलं होतं, पण तो इतक्या महिन्यांनी एवढा बोलत होता की मध्ये तोंड घालवलं नाही.

कोंडी फोडली ती प्रधानबाईंनी. त्या सरळ काकूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोहे खायचे आहेत हो मला. वास घेऊन जीव चाललाय. पण मसणातून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय घशाखाली नाही उतरत, लहानपणापासूनची सवय. तुमच्याकडे न्हाणीघर आहे का?"

 काकूंना हसू आलं, आणि ते आवरेना.

"आमच्यात नाही पाळत हे, बाई. मेलेल्या माणसाचा कसला विटाळ? पण पाणी भरपूर आहे जी. चला घरी."

घर दोन मिनिटांवर. अंगणात हातपंप. मामा एकदम जॉबर झाला. पुरुषांच्या तीन-तीनच्या पाळ्या लावल्या आणि पहिल्या पाळीत स्वतः बसला, डिसेंबरच्या थंडीत, पंचा लावून. कांबळेकाका पंप मारत होते आणि मामा कुडकुडत पुढच्या पाळीची नावं पुकारत होता. शालवाले गृहस्थ नुसते पाय धुऊन सटकत होते, त्यांना दोघांनी धरून आणलं. गल्लीतली माणसं गच्चीवर गोळा झाली. एकाने इंदुरी बोलीत विचारलं, "काय भिया, वरात आली का?"

बायकांसाठी काकूंनी आत चुलीवर पाणी तापवलं. एक न्हाणी, नऊ जणी, आणि कोरडं लुगडं एकीकडेही नाही. काकूंनी ट्रंक उघडली. आत सुती साड्यांच्या घड्या, नॅप्थलिनचा वास. ज्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या त्यासुद्धा काढल्या. मला निळी मिळाली, मामीला जांभळ्या काठाची, प्रधानबाईंना हिरवी. "उंच लोकांना लांब साडी," म्हणत त्या एकेकीला मापून देत होत्या, आणि आम्ही शाळेच्या सहलीत असल्यासारख्या खिदळत होतो. आपल्या अंगावर कुणाची साडी आहे याचा विचार त्या दुपारी तरी कुणी केलेला मला दिसला नाही.

बाहेर आलो तेव्हा मामा पोह्यांच्या गरम पातेल्याशी उभा होता. आम्हा नऊजणींकडे बघून त्याचा हात थांबला. मग तो प्रधानबाईंना, चक्क त्यांना, म्हणाला, "जरा पदर बघू का?"

त्यांनी टोक पुढे केलं. मामाने ते उन्हात धरलं आणि बोटाने एक जागा शोधून काढली.

"इथे एक जाड धागा आहे बघा. पुढे परत येईल. आमच्या खात्यात एक माग होता, कितीही दुरुस्त करा, हा धागा सोडायचाच. दिवाळीला कामगारांना साड्या वाटायचे तेव्हा असल्या आमच्या वाट्याला. कांबळे, तुझ्या घरी आमचा माग आहे रे!"

मामा रडतोय की हसतोय हे मला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसेल. पण बायका आपापला पदर घेऊन त्याच्याभोवती जमल्या, मागोमाग पुरुषही, आणि सगळे जाड धागा शोधू लागले. ती त्या दिवसाची दुसरी सैर. पोहे तीनदा वाफवले, तिन्हीदा संपले. मी जिलेबी किती खाल्ली ते इथे लिहीत नाही.

सोमवारी मी निघाले. निळी साडी धुऊन मामीकडे दिली होती, कारण परत करायला सगळ्या बायका पुढच्या रविवारी महूला जाणार होत्या, आणि जाताना जावा-नणंदांनाही नेणार होत्या. तेव्हापासून मामाच्या प्रत्येक सैरीच्या चिठ्ठीत एक सूचना असायची: कोरडे कपडे सोबत आणावेत. तुम्हीही न्या. पाळत असाल-नसाल, धूळ तर असतेच.

जळगावला परतल्यावर बरेच दिवस मी कापडाकडे बघत चालायचे, दोरीवर वाळणाऱ्या धोतरांकडे, दुकानातल्या ताग्यांकडे. ती नजर अजून गेली नाही. पण त्या प्रवासातलं खरं जे माझ्याजवळ राहिलं ते फेब्रुवारीत आलं. मामाच्या हातचं पत्र, मला आलेलं पहिलंच. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात त्याला चौकीदारी मिळाली होती. घर चालायला ती हवीच होती, सैरीवर चूल पेटत नाही. मालकाने विचारलं, रविवारी यावं लागलं तर याल का?

मामाने लिहिलं होतं, "मी सांगितलं, रविवारी नाही जमणार जी. रविवारी मला काम असतं."