मामांचं 'नाही'

परवा बालाघाटला घरी गेले आणि आधी मामांना भेटायला धावले. वॉर्डातल्या प्रत्येक लग्नात माइक ज्यांच्या हातात असायचा, ते आमचे मामा... थंडीत पक्षाघात झाला आणि तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते.

मामा दिवाणावर टेकून बसले होते. मामी खाली वटाणे सोलत होती. नागपूरला मी पक्षाघातावरच पीएच.डी. करते, म्हणून की काय, ती हळूच बोलायला लागली. गोंदियाच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिने एकटीनेच मामांची कूस बदलली होती. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात पारच थांबला... हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माह्याच हातानं झालं ते, बाई."

मी तिला समजावून सांगितलं. मेंदूच्या एखाद्या भागाला मिळणारं रक्त थांबलं की तिथल्या जखमी पेशी रासायनिक निरोप सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्या निरोपावर शरीराच्या बचावपेशी मदतीला धावतात... पण निरोप थांबलेच नाहीत तर त्यांची गर्दी होते, सूज वाढते आणि शेजारच्या चांगल्या पेशीही त्यात सापडतात.

म्हणून पुष्कळ पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालावतात. कूस बदलल्याने हे होत नाही, उलट नर्सच ती बदलायला सांगतात.

तरी मामीचं समाधान होईना. "म्हणजे माह्यानं नाही झालं?" तिने परत विचारलं... पण या वेळी मामांकडे बघत.

"नाही."

मामाच बोलले होते! जरा जड, पण स्वच्छ. मामीच्या मांडीवरचे वटाणे घरभर झाले, आणि ती रडता रडता हसायलाच लागली.

मग संध्याकाळपर्यंत मामांचं एकच. चहा घेता का? "नाही." आणि डावा हात कपाकडे! शेजारपाजारचे ऐकायला येऊन गेले. स्पीच थेरपीच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, एक शब्द सुटलाय, आता रोज बोलतं करा.

लॅबमध्ये या सायटोकाइनची नावं मी रोज लिहिते. त्यांचा घरच्या कुणाला असा उपयोग होईल असं कधी वाटलंच नव्हतं...

रात्री मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी मामी उठली नव्हती. थंडीपासून पहिल्यांदाच ती इतकी गाढ झोपली होती. चहा मीच केला.