नवं सिम घेऊन कुंभार पिंपळगावला

जालना बस स्टँडवर घनसावंगीची गाडी लागली, तेव्हा माझ्या फोनचं कुलूप नुकतंच निघालं होतं. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेल्या या फोनात विकणाऱ्या कंपनीचंच सिम चालायचं, आणि अंबड सोडलं की तिची रेंज संपायची. गेल्या हंगामात, मोसंबीच्या आंबे बहारात, कुंभार पिंपळगावच्या साळवे गुरुजींनी त्यांच्या बागेतल्या उभ्या मालाचा माझा शेवटचा भाव विचारायला फोन केला, तो लागलाच नाही. बाग दुसऱ्या व्यापाऱ्यानं नेली. वर्षभर ते मनात सलत होतं. शेवटी कंपनीच्या दुकानात असा आवाज चढवला, की त्यांनी मुकाट्यानं फोन खुला करून दिला. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं आणि जुनं त्यांच्याच काउंटरवर मोडून ठेवलं. याच स्टँडवर रसाची गाडी लावून मी धंद्यात उभा राहिलो; ऐकून घ्यायची सवय मला नाही.

अंबड मागे पडलं तरी रेंजच्या रेघा जागच्या हलल्या नाहीत. खिडकीबाहेर कपाशी गेली, ऊस आला. मी फोनकडेच बघत होतो.

घनसावंगीला काळीपिवळी (वाटेत माणसं भरत जाणारी जीप) पकडली.

"शेठ, सरका जरा, अजून तिघं बसतेत," ड्रायव्हर म्हणाला.

"पैसे पूर्ण सीटचे घेतोस आणि बसवतोस अर्ध्यावर?"

"मंग टपावर बसा. हवा पूर्ण लागंल."

सगळी जीप हसली. मी सरकलो नाही.

कुंभार पिंपळगावच्या शिवारात गुरुजींची बाग फळांनी वाकली होती. "जयभीम गुरुजी," म्हणत मी एक मोसंबी दाबून पाहिली आणि साल जाड असल्याची तक्रार केली. गुरुजी निवृत्त झाले तरी नजर मास्तरांचीच. तासभर घासाघीस झाली.

"पोरीला इचारतो," ते शेवटी म्हणाले. बाग त्यांच्या मुलीच्या नावावर होती. "दिवस मावळायच्या आत फोन करतो. न्हाई लागला तर दुसऱ्याला देईन, मंग बोलायचं न्हाई."

"या वेळी लागणारच," मी छाती ठोकून सांगितलं.

फाट्यावर गफ्फारभाईंच्या हॉटेलात गरम भजे आणि तळलेली मिरची खात बसलो. फोन समोर, रेघा भरलेल्या, पण वाजेना. ऊन टेबलावरून उतरून रस्त्यावर गेलं.

"शेठ, जूसकू मोसंबी लगती," गफ्फारभाई म्हणाले. "नंबर देव अपना."

तोंडून जुना नंबर निघाला आणि मी थबकलो. नवा कोणता?

"क्या शेठ, अपना नंबर अपनेकूच नै मालूम?"

हातातलं भजं ताटलीत टाकलं. गुरुजींकडेही तो मोडलेलाच नंबर होता! घाईनं त्यांना फोन लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मी गफ्फारभाईंची मोटरसायकल मागून घेतली आणि उसाच्या ट्रॅक्टरांना शिव्या घालत बागेत पोचलो.

गुरुजी विहिरीवर उभे होते. "गेल्या साली रेंजच्या बाहेर, औंदा बंद. शेठ, तुम्ही व्यापारी हाय का भूत?"

"मीच तर फोन लावत होतो!"

"अनोळखी नंबर मी उचलत न्हाई. आता त्या दुसऱ्यालाच लावून राह्यलो व्हतो."

"लावू नका!" मी ओरडलो.

"हळू बोला. बाग बहिरी न्हाई."

मुलीनं सांगितलेला भाव त्यांनी ऐकवला. माझ्यापेक्षा बराच वर होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजू लागला. स्क्रीनवर त्याच व्यापाऱ्याचं नाव. सूर्य बांधाला टेकला होता.

"घेतली," मी म्हणालो. घासाघीस न करता हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेला.

गुरुजींनी फोन कानाला लावला. "बाग गेली, भाऊ."

परतीच्या जीपमध्ये रेंज भरपूर होती. कुलूप भांडून निघालं, पण माझी सगळी माणसं जुन्या नंबरापाशीच थांबलेली. तो परत मागायला मी त्या कंपनीच्या दारात जाणार नाही. म्हणून एकेका शेतकऱ्याला फोन लावायला सुरुवात केली. बरेच जण उचलत नव्हते. धावडा गावच्या एकानं उचलला आणि मी नाव सांगायच्या आत ओरडला, "कर्ज नको म्हणलं ना एकदा!" फोन कट.

मी पुन्हा लावला.